छत सातपुड्यात, गवंडी कतारमध्ये

कतारला निघण्याआधी मिलिंदनं, म्हणजे माझ्या मुलानं, फोनवर पुन्हा पुन्हा एकच सांगितलं : "आई, खसखस आणू नकोस. तिकडे ती अफूच्या खात्यात जमा होते. सापडलीस तर मला ऑफिस सोडून तुला सोडवायला यावं लागेल." मी म्हटलं, सरकारी नोकरीत केस पांढरे केलेल्या नर्सला तू अफू शिकवू नकोस. खसखस आणली नाही. विमान चांगलं ढगांच्या वर गेल्यावर मात्र आठवलं की पिशवीत गोडा मसाला आहे, आणि तो मीच भाजलाय, खसखस घालून. मग काय, पदराखाली पुडी लपवून विमानाच्या संडासात गेले आणि अख्खा गोडा मसाला अरबी समुद्रावर कुठेतरी विसर्जित केला. नंतर हवाईसुंदरी तिथं दोनदा सुगंधाचा फवारा मारून आली. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "कुठेतरी आमटी शिजतेय का हो?" मी डोळे मिटून घेतले.

माझ्या वयाच्या बायका आखातात जातात त्या नातवंडं सांभाळायला. मिलिंदकडे नातवंडं नाहीत, एक मांजर आहे आणि ते स्वतःचं स्वतः सांभाळतं. मी गेले होते गवंडी शोधायला.

त्याचं असं झालं. सातपुड्यात पावरा आदिवासींचा एक पाडा आहे. माझी पहिली नेमणूक तिथली. निवृत्तीनंतर आम्ही काही जुन्या सहकाऱ्यांनी एक संस्था काढली आणि ठरवलं की तिथं एक छोटा दवाखाना बांधायचा. दोन खोल्या, एक तपासायची, एक बाळंतपणाची. पावसाळ्यात नाला भरला की पाडा जगापासून तुटतो, म्हणून. भिंती उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. शहाद्याचा कंत्राटदार एकदा तो घाट चढून गेला आणि परत फोन उचलेना. भिंती ज्यानं बांधल्या होत्या तो पाड्यावरचाच सायसिंग, पण तो दिवाळीची सुट्टी संपवून कतारला परत गेला होता. पाड्यावर ज्यांना सरळ भिंत, सपाट फरशी जमत होती ते सगळे कतारमध्ये दुसऱ्यांच्या भिंती आणि फरशा करत होते.

"मी मुलाकडे जातेच आहे," मी बैठकीत म्हटलं, "त्याला शोधून आणते." माझ्या डोक्यात कतार म्हणजे साधारण एक तालुका होता. स्टँडवर उतरायचं आणि विचारायचं, सायसिंग गवंडी कुठं राहतो हो?

दुखान

मिलिंद राहतो दुखानला, देशाच्या पश्चिम काठावर. तेलाची सगळ्यात जुनी विहीर इथली, त्यामुळे कंपनीची वसाहत, रांगेतली बैठी घरं, पाणी घालून घालून जगवलेली हिरवळ. वसाहतीच्या कुंपणापलीकडे मात्र सरळ वाळवंट. वाळवंट म्हटल्यावर मी पिवळ्या वाळूच्या लाटा धरल्या होत्या. इथे बघते तर पांढरट, खडकाळ, उघडीबोडकी जमीन. आपल्याकडे रस्ता करताना खडी पसरून ठेवतात आणि मग कोणी फिरकत नाही, तशी. मधूनच तेलाचे पंप माना वरखाली करत उभे. मला ते फार आवडले. बैठकीत सगळ्याला हो-हो म्हणणारा आमचा एक खजिनदार होता, हुबेहूब तोच.

समुद्र घरापासून जवळ, पण समुद्राला लाट नाही. ताटात ओतल्यासारखा पडून असतो. संध्याकाळी बायका थर्मासमध्ये करक घेऊन तिथे बसतात. करक म्हणजे आपलाच चहा, पण दूध इतकं आटवलेलं की चमचा विचार करून खाली बसतो. पुण्या-नाशिकच्या सगळ्या. "काकू, म्युझियम पाहिलं का? सूकच्या जुन्या बाजारात गेलात का?" मी सांगायची, नाही, आधी गवंडी.

माझी सून रश्मी शहाणी आहे. ती म्हणाली, "आई, तुम्ही शोधू नका. पाड्यावर फोन करा आणि त्याचा नंबर मागा." नंबर मिळायला एक दुपार लागली. मी मनात आखलेली सगळी शोधमोहीम त्या पोरीनं मांजराला खाऊ घालता घालता संपवली.

मिलिंदचं काम प्लॅनिंगचं. कुठलं काम कधी सुरू होणार, कशानंतर काय, हे तो रंगीत पट्ट्यांनी दाखवतो. त्यानं आमच्या दवाखान्याच्याही पट्ट्या केल्या. "आई, हा क्रिटिकल पाथ. मान्सूनच्या आधी स्लॅब पडलाच पाहिजे. यात स्लॅक नाही, एक दिवससुद्धा इकडेतिकडे चालणार नाही." स्लॅब पडलाच पाहिजे, हे कसलं अभद्र बोलणं? त्याला म्हटलं, बाबा, तू तो घाल, पाडू नकोस.

एशियन टाउन

शुक्रवारी मिलिंदनं गाडी काढली. इंडस्ट्रियल एरियाकडे एशियन टाउन नावाची वस्ती आहे, कामगारांचा बाजार, सिनेमा, मोबाइलची दुकानं, सगळं एकत्र. शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे तिथे नुसती माणसं, आणि सगळे पुरुष. इस्त्रीचे शर्ट, तेल लावून बसवलेले केस. हजारो पुरुषांत नऊवारीतली एक म्हातारी चालली की गर्दी आपोआप दुभंगते. मिलिंद मागून येत होता, त्याला फुकट वाट मिळाली.

एका मल्याळी माणसाच्या चहाच्या दुकानात दोघं वाट बघत होते. सायसिंग बुटका, खांद्यानं रुंद. दुसरा दिलवर, उंच, हसरा, फरशीवाला. दोघं एकाच कंपनीत. मला बघून उठले आणि पाया पडायला वाकले, तेवढ्यात चहावाल्यानं जागा मोकळी झाली समजून खुर्ची उचलून नेली.

"सिस्टरबाई," दिलवर म्हणाला, "तुम्ही इकडे काय करी राहिल्या?"

"तुम्हाला न्यायला आलेय."

"पकडून?"

"जमलं तर."

सायसिंग हसला नाही. त्याची बायको सुमल पोटुशी होती आणि दिवस ऐन पावसाळ्यात भरत होते. मागच्या खेपेला नाल्याला पाणी होतं, तिला बांबूच्या झोळीतून उचलून नेलं होतं. बाळ वाटेतच झालं, एका ताडपत्रीखाली. दोघं वाचली, पण सुमलचं रक्त थांबेना तेव्हा हा इथं कतारमध्ये कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर विटा लावत होता. "बाई, छत झालं तर नर्स राहायला तयार आहे ना?" त्यानं विचारलं. आम्ही ठरवलेली नर्स तयार होती. उघड्या भिंतींत मात्र ती बिचारी कशी राहणार?

"मग चल. सुट्टी घे."

इथेच घोडं अडलं. यांची सुट्टी वर्षातून एकदा येते आणि ज्याची जेव्हा लागली तेव्हाच. सायसिंगची लागली होती दिवाळीला, पाऊस संपल्यावर. होळीची सुट्टी होती दिलवरची. म्हणजे फरशीवाला आधी जाणार आणि छतवाला नंतर.

"तर मी जाऊन उन्हात फरशी लावतो," दिलवर म्हणाला. "वर आभाळ राहील. पावसात फरशी आपोआप धुतली जाईल."

मिलिंद म्हणाला, "दोघांनी स्वॅप करा. एकाच कंपनीत आहात." सायसिंगनं मान खाली घातली. दिलवर हसायचा थांबला. त्याची आई मागच्या साली अंथरुणाला खिळली होती तेव्हा तो नवस बोलला होता : आई उठून बसली तर होळीला बावा होईन. सातपुड्यातली होळी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. नवस असलेले पुरुष अंगाला राख फासतात, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरं बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात आणि पाड्यापाड्यावर नाचत फिरतात. तेवढे दिवस जमिनीवर झोपायचं, पायात काही घालायचं नाही, घरात शिरायचं नाही. दिलवरची आई उठून बसली होती, एवढंच नाही, शेतावर जायला लागली होती. आता नवस फेडायचा होता.

"सिस्टरबाईला होळी माहीत आहे," सायसिंग मिलिंदला म्हणाला. "यांनी पहिल्या दवाखान्याचं उद्घाटन होळीच्या दिवशीच ठेवलं होतं. आमच्याकडे अजून सांगतात."

झालं. ज्या गोष्टीपासून पोराला इतकी वर्षं लांब ठेवलं ती चहावाल्यालासुद्धा कळली. पण सांगायचीच तर मी सांगते, त्यांना रंगवून सांगायला नको. बावीस वर्षांची कुमारी मालती सातपुड्यात आली ती कांजीची पांढरी साडी नेसून, छत्री घेऊन आणि जगाला पाणी उकळून प्यायला लावण्याच्या निर्धारानं. तिनं कॅलेंडर बघितलं, होळीला सुट्टी दिसली. सुट्टी म्हणजे माणसं मोकळी, असा हिशोब. झेंडूची तोरणं लावली, पेढे मागवले, भाषण आरशासमोर पाठ केलं. उद्घाटनाला आले कोण? डॉक्टर, ती आणि एक शेळी. सगळा मुलूख पलीकडच्या डोंगरावर नाचत होता. डॉक्टरांनी फीत कापली, शेळीनं तोरण खाल्लं आणि कुमारी मालतीनं पाठ केलेलं भाषण तरीही पूर्ण केलं. आवाज खणखणीत हं! "बंधुभगिनींनो" म्हणाली होती.

मिलिंद टेबलावर डोकं टेकून हसत होता.

"आणि नंतर?" त्यानं विचारलं.

"नंतर पण कोणी गेलं नाही, बंदच पडला," दिलवर म्हणाला. "ते तर सिस्टरबाईचं घर होतं. शहाद्याहून मजूर आणले, त्यांनी बांधलं. दुसऱ्याच्या घरात बोलावल्याशिवाय कसं जायचं? लाज वाटते ना."

हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटत होतं लोक इंजेक्शनला घाबरतात.

समैस्मा

दरम्यान रमजान लागला. दिवसा बाहेर चहा बंद, कामाचे तास कमी, आणि सूर्य बुडाला की अख्खा देश एकदम ताटावर बसतो. रश्मीच्या मैत्रिणीनं समैस्माला, उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावाला, संध्याकाळचा बेत ठरवला. मी म्हटलं माझे दोन पाहुणे येतील. सायसिंग आणि दिलवर आले ते हातात खजुराचं खोकं घेऊन आणि सगळ्यात लांबच्या चटईवर कडेला बसले. मी त्यांना शेगडीपाशी ओढलं. दिलवरनं मिनिटभर आमच्या इंजिनिअर मंडळींना कोळसे फुंकताना बघितलं, मग न राहवून पंखा हातात घेतला. त्यानंतर कोंबडी शिजली.

शेजारच्या व्हिलातून एका कतारी आजीनं आमच्यासाठी हरीस पाठवलं. गहू आणि मटण एकजीव होईपर्यंत घोटलेलं. आपल्या खिरीनं धर्म बदलून मांसाहार सुरू केला तर ती अशी लागेल. मी बदल्यात तीळगुळाच्या वड्या पाठवल्या. "शुक्रन, शुक्रन" असे आभार मानत तिची मोलकरीण गेली आणि परत आली, अजून वड्या आहेत का विचारत.

जेवणं झाल्यावर मी पाड्यावरच्या पुजाऱ्याला फोन लावायला सांगितला. पुजारा म्हणजे गावाचे सणवार, नवस, सगळं ज्याच्या शब्दावर चालतं तो म्हातारा. पाड्यावर फोनला रेंज येते ती फक्त एका खडकावर. म्हातारा नातवाच्या बॅटरीचा झोत धरून खडकावर चढला होता. पडद्यावर कधी त्याची मिशी दिसे, कधी चांदण्या.

सायसिंगनं सगळं सांगितलं. बोलणं पावरीत, पण इतक्या वर्षांनी माझे कान तेवढे शाबूत आहेत. दिलवर वाळूत बोट फिरवत राहिला.

पुजाऱ्यानं विचारलं, "छताला माणसं किती लागतील?"

"खूप," सायसिंग म्हणाला. "मिक्सर घाट चढत नाही. हातानं कालवायचं, हातानं वर चढवायचं. एकदा सुरू केलं की मधे थांबता येत नाही, नाहीतर सांधा राहतो आणि गळतं."

मी मधे तोंड घातलं. "मजूर आम्ही शहाद्याहून ट्रॅक्टरनं आणू."

पडद्यावरच्या चांदण्या हलल्या. म्हातारा हसत होता. "बाई, परत तुमचंच घर बांधता का?"

मग तो लाहविषयी बोलला. लाह म्हणजे एखाद्या घराचं मोठं काम निघालं की त्या घरानं गावाला हाक द्यायची. प्रत्येक घरातून माणूस येतो, मजुरी घेत नाही, हाक देणारं घर त्यांना जेवू घालतं. उद्या त्याच्या घरी काम निघालं की यांनी जायचं. पण लाह बोलवायला घर लागतं, घरधनी लागतो. संस्थेला चूल नाही, तिच्या हाकेवर कोण येणार? आमच्या बैठकांत ठराव झाले, आभार झाले, चहाबिस्किटं झाली. चूल कुणाला सुचली नव्हती.

"सायसिंगचं घर बोलावेल," मी म्हटलं.

"सायसिंग छतावर असेल. त्याची बायको या दिवसांत गावजेवण रांधेल?"

मग दिलवरनं वाळूतलं बोट काढलं आणि फोन आपल्याकडे वळवला.

"माझं घर बोलावेल," तो म्हणाला. "आई आहे. बोकड आहे. सायसिंग जाईल माझ्या सुट्टीवर." आणि मग, "पण बाबा, नवसाचं?"

पडद्यावर नुसत्या चांदण्या उरल्या. मला वाटलं रेंज गेली. "पुढच्या होळीला फेड," तो शेवटी म्हणाला. "पण यंदाचे दिवस जमिनीवर झोप. अंगानं नवस विसरायला नको."

दिलवरनं मान डोलावली. परतताना गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता. मिलिंद मला हळूच म्हणाला, "आई, होळीला घरी जायची संधी सोडली त्यानं." मला दिसत होतं ते. म्हातारपणी सगळंच अंधुक होत नाही.

होळी

फोरमननं अदलाबदल मान्य केली. "एक जाओ, एक रहो, खलास," एवढंच बोलला. सायसिंग गेला.

मिलिंदच्या पट्ट्यांप्रमाणे तो पोचल्या दिवसापासून सेंटरिंगला लागणार होता, म्हणजे छताखालचे टेकू आणि फळ्या ठोकायला. दुसऱ्या दिवशी मिलिंदनं मला फोन दाखवला. सायसिंगचा फोटो आला होता. डोक्याला मोरपीस, हातात पावा, मागे धूळ आणि नाचणारे पाय.

"हा काय करतोय?"

"होळी."

"आई, पट्टी लाल झाली!"

"होऊ दे. सण लालच असतो."

मी एवढी निवांत आहे हे बघून मला माझाच अभिमान वाटला. कुमारी मालती असती तर छत्री घेऊन डोंगरावर त्याला शोधायला गेली असती.

त्या दिवसांत दिलवर कॅम्पच्या खोलीत खाटेखाली झोपत होता. खोलीतल्या नेपाळी मित्राला वाटलं खाट मोडली, त्यानं स्पॅनर आणून सगळे नट आवळले. कामावर बूट सक्तीचे, म्हणून हा गेटपर्यंत अनवाणी जाई आणि आत शिरताना बूट चढवी. "पुजाऱ्याला विचारलं," तो मला फोनवर म्हणाला. "तो म्हणाला सेफ्टीचे बूट चपलेत धरत नाहीत."

होळी संपली आणि सायसिंगचे पुढचे फोटो आले. टेकू, फळ्या, सळयांची जाळी. सगळं ओळंब्यात. मिलिंदनं पट्टी हिरवी केली आणि जणू त्यानंच फळ्या ठोकल्या अशा थाटात करक प्यायला.

पुन्हा एशियन टाउन

स्लॅबसाठी शुक्रवार धरला, म्हणजे इकडच्या सगळ्यांना बघता येईल. ईद होऊन गेली होती, चहाचं दुकान सकाळपासून उघडं. दिलवर दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आला होता. आसपासच्या गावांचे आणखी काहीजण जमले होते. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. तिकडे खडकावर कुणीतरी दुसरा फोन धरून बसलं होतं. खडकावरून दवाखाना अख्खा दिसतो हे आमचं नशीब.

आणि काय माणसं आली होती! खालपासून शिडीवर, शिडीवरून छतावर, बायका-पुरुषांची एक अख्खी साखळी. घमेलं हातातून हातात वर जाई आणि रिकामं होऊन दुसऱ्या बाजूनं खाली येई. मधे कोणीतरी गाणं धरलं की घमेली त्या तालावर चालत. वर सायसिंग ओरडत होता. इथून दिलवर ओरडत होता, "कोपऱ्यात दाब! कोपरा पोकळ राहील!" तिथे काही ऐकू जात नव्हतं, पण दुकानातल्या एका बंगाली गिऱ्हाईकानं घाबरून आपला परोटा दाबला.

मधेच तिकडे वारा सुटला आणि एका बाजूचा टेकू हलला. साखळी थांबली. दिलवर उभा राहिला. मिलिंद "थांबू नका, थांबू नका" म्हणत होता, मराठीत, त्या फोनला. सायसिंग छतावरून सरसर उतरला, फळीखाली स्वतःचा खांदा दिला, दोघांनी नवा बांबू ठोकला, आणि घमेलं पुन्हा हललं. माझ्या लक्षात आलं की मी चहावाल्याचा हात घट्ट धरून ठेवलाय. त्यानंही सोडवून घेतला नव्हता.

शेवटचं घमेलं रिकामं झालं तेव्हा सायसिंग फळीनं पृष्ठभाग ओढत मागे मागे सरकला आणि शिडीवरून खाली आला. मग भिंतीच्या सावलीत सुमल दिसली, पोट सांभाळत उभी. तिनं वर बघितलं, छताकडे. बराच वेळ बघत राहिली.

पलीकडे चुलीवरची भांडी उतरत होती. दिलवरची आई, जिच्यासाठी नवस होता तीच, काठीएवढ्या पळीनं बोकडाचं कालवण ढवळत सगळ्यांना हुकूम सोडत होती. पंगत बसली. मक्याच्या भाकरी वाढल्या, उडदाची डाळ वाढली. आणि कोणी खाईना. सगळे हात धुऊन, मांडीवर हात ठेवून बसलेले.

पुजारा फोनपाशी आला. "घरधनी कुठे आहे?"

दिलवर पडद्याकडे बघत बसला. मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं. "अरे, बोल की! त्यांचं जेवण गार होतंय."

तो उभा राहिला. शर्ट खाली ओढून नीट केला.

"बसा," तो म्हणाला. "पोटभर खा. लाजू नका."

पडद्यावर सगळी डोकी एकदम ताटावर वाकली. इकडे आम्हीही परोटे मागवले, मिलिंदनं माझ्या ताटात अर्धा तोडून दिला. चहावाल्यानं दिलवरसाठी खुर्ची पुढे केली.

"बैठो भाई."

दिलवरनं फोनवरची नजर हलवली नाही.

"कैसे बैठूं?" तो म्हणाला. "घर में मेहमान खाना खा रहे हैं."